यंत्र घ्या, पण आधी आपला उतार मोजा



निंदणीचा प्रश्न आता नुसता मजुरीचा राहिलेला नाही, तो वेळेचा झाला आहे. पाऊस पडून गेला की कपाशी आणि गवत बरोबरच उगवतात आणि साऱ्या गावाची निंदणी एकाच आठवड्यात येते. बाया मिळत नाहीत. बैलजोडी बारा महिने दावणीला पोसणे पाच एकरवाल्याला झेपत नाही. म्हणून केदारखेड्याचा शेतकरी असो की राजूरचा, भोकरदनच्या किंवा जालन्याच्या बाजारात गेला की त्याचे पाय हँडल धरून मागे चालायच्या यंत्रापाशी थांबतात. कुणी पॉवर विडर म्हणतो, कुणी गवत कापायचे मशीन म्हणतो.

दुकानदार तीन गोष्टी सांगतो: हॉर्सपॉवर किती, अनुदान किती, हप्ता किती. चौथी गोष्ट आपण विचारायची आहे. हे यंत्र माझ्या उतारावर, माझ्या तासात चालेल का?

यंत्र नको, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. बाईच्या कंबरेचा काटा ढिला करणारी निंदणी टिकावी, असे ज्याला वाटते त्याने एक दिवस खुरपे घेऊन बसावे. प्रश्न एवढाच की पैसा एकदाच जातो आणि चुकीचे यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते.

ज्याची जमीन, त्याचे यंत्र

गवत कापायचे पहिले यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली केले. लोकरीच्या गिरणीत कापडावरची लव कापणारे यंत्र त्याने पाहिले आणि तीच युक्ती हिरवळीला लावली. साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ आणि खेळाचे मैदान हे त्याचे काम. पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीला आले ते १९०२ साली. आजच्या विडरला जी ‘एल’च्या आकाराची पाती असतात ती ऑस्ट्रेलियातल्या आर्थर हॉवर्ड याची करणी. बापाच्या शेतावर १९१२ पासून त्याने खटपट केली. आधीची पाती माती बाजूला फेकत होती, म्हणून त्याने पाते वाकवले आणि १९२० साली पेटंट घेतले.

दोघांनीही आपल्यापुढच्या जमिनीची अडचण पाहिली आणि मग यंत्र घडवले. आपण मात्र यंत्र आधी आणतो आणि जमिनीने त्याच्याशी जमवून घ्यावे अशी अपेक्षा धरतो. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्णा, नदीच्या अंगाला काळी, वर चढत गेले की मुरमाड बरड. एकाच शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर दोन्ही प्रकार असतात. त्याला एकच यंत्र कसे पुरेल?

उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही

दहा फुटांचा सरळ बांबू घ्या. एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरे हातात धरा. त्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून बांबू समपातळीत आणा. हातातल्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजा.

तीन इंच भरले तर उतार अडीच टक्के. ऐंशी किलोचे यंत्र अशा चढावर मागे ओढते ते अवघ्या दोन किलोने. दोन फूट भरले तर तेच यंत्र पंधरा-सोळा किलोने मागे ओढते आणि माणूस दिवसभर ते ओझे सावरत चालतो. दोन फूट आठ इंच भरले तर उतार पंधरा अंशांचा झाला. त्यापुढे चाकाचे, मागे चालायचे यंत्र नेऊच नये, हा जगभरचा साधा नियम आहे.

म्हणजे जमीन तीन प्रकारची धरा: कपाशी-ज्वारीचे वावर, बरडावरची मोसंबी-सीताफळाची बाग आणि बांध, धुरे, नाल्याचा काठ व शेततळ्याची भिंत. प्रत्येकीला उत्तर वेगळे आहे.

वावरात उतार नव्हे, तास बघा

साध्या वावराचा उतार यंत्राला जड नाही. तिथे अडते ते तासाच्या रुंदीवर. चार फुटी कपाशीत दोन फूट रुंदीचे विडर झाडे एकमेकांना भिडेपर्यंत नीट चालते. अठरा इंची ज्वारीत ते घातले तर गवताबरोबर ज्वारीही जाईल.

रब्बी ज्वारीला कृषी विद्यापीठांनी सांगितलेल्या तीन कोळपण्या आठवा. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासाचे, आठव्यात दातेरी. शेवटची कोळपणी गवतासाठी नसतेच, ती भेगा बुजवून ओल धरण्यासाठी असते. पात्याने माती भुरभुरीत करणारे यंत्र हे काम करीत नाही. ज्वारीपुरते बैलाचे कोळपे नाहीतर एका माणसाचे सायकल कोळपे अजूनही शहाणपणाचे आहे. परभणीच्या विद्यापीठात बैलांच्या सुधारित अवजारांवर काम झालेले आहे, तेही एकदा पाहून यावे.

वापसा नसताना विडर घालू नका. काळी माती पात्याला गोळा होऊन बसते आणि इंजिन दमते. खोलीही दोन इंचांच्या वर नको. उताराला सरळ खाली यंत्र चालवले की भुरभुरीत माती पहिल्या जोराच्या पावसात पूर्णेला जाते आणि येलदरीच्या धरणात जाऊन बसते. पेरणी आडवी करा म्हणजे यंत्रही आडवेच चालेल.

बागेत चाक कुठे फिरते ते बघा

बरडावरच्या बागेत उतार खरोखर आडवा येतो. यंत्र चढाला लागले की त्याचे वजन मागे सरकते. पुढची चाके ओढणारी असतील तर हँडल दाबताक्षणी ती उचलली जातात आणि जागीच फिरतात. म्हणून चढाच्या जमिनीला मागच्या चाकांना गती असलेले यंत्र घ्यावे.

काही विडरना ओढणारी चाके नसतात, पातीच यंत्राला पुढे ओढतात. त्यांच्या मागे जमिनीत रुतणारा दांडा असतो, तोच त्यांचा लगाम. उताराला तो दांडा वर राहिला तर यंत्र हातातून निसटून पळते. हँडलवरचा हात सुटला की पाती थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घरी आणू नये. मळणीयंत्रात हात गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. त्या अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा करावा लागला. हात गेल्यावर कायदा होऊन काय उपयोग?

बागेतल्या उतारावर शक्यतो माती उकरू नका, गवत नुसते कापा. मुळे माती धरून ठेवतात आणि कापलेले गवत झाडाखाली पसरले तर ओल राहते. मागे चालायचे यंत्र उताराला आडवे चालवा. पाय घसरलाच तर यंत्र अंगावर येत नाही.

बांधावर चाक नको

बांध आणि शेततळ्याची भिंत यांना चाकाचे यंत्र नकोच. तिथे खांद्यावरचे किंवा पाठीवरचे ब्रश कटर. चार स्ट्रोकच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत तळातले तेल शिंपडून वर जाते. इंजिन फार कलले तर तेल एका बाजूला राहते आणि इंजिन कोरडे चालून जाम होते. किती कलवायचे ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला ही अडचण नाही, पण पेट्रोलमध्ये तेल मापून घालावे लागते. पायात बूट, डोळ्याला चष्मा, आणि पन्नास फुटांत पोर-माणूस नको, कारण पाते दगड उडवते. शेळीला घालायचे गवत मात्र विळ्यानेच कापा. कटरचे गवत माती-खड्यांत विखुरते, जनावर त्याला तोंड लावत नाही.

अनुदानाची यादी म्हणजे सल्ला नव्हे

कृषी यांत्रिकीकरणाची केंद्राची योजना २०१४-१५ साली सुरू झाली. तिच्यात साधारण शेतकऱ्याला ४० टक्के आणि लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत, असे प्रमाण ठेवले. अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, बिल, तपासणी आणि मग खात्यात पैसे. म्हणजे आधी पदरचे किंवा सावकाराचे पैसे घालायचे. मिळते ते जरूर घ्या, पण यादीत आहे म्हणून यंत्र आपल्या वावराला चालेलच असे समजू नका. न चालणारे यंत्र अर्ध्या किमतीत घेतले तरी तोटा पूर्णच असतो.

मशागतीच्या आणि गवत कापायच्या यंत्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिलावर तो पाचच लागला आहे ना, ते पाहा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रे तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. यंत्राचा चाचणी अहवाल दुकानदाराकडे मागा. इंधन किती लागते आणि हँडलचा हाताला कंप किती बसतो, हे आकडे त्यात पाहायचे.

हिशेब मांडू

समजा अनुदान वजा जाता यंत्र साठ हजारांना पडले आणि सहा वर्षे टिकले. वर्षाला दहा हजार. पाच एकरांत दोन पाळ्या म्हणजे एकराच्या पाळीला हजार रुपये, आणि पेट्रोल, माणूस, दुरुस्ती वेगळी. चौघांनी मिळून घेतले तर तेच अडीचशेवर येते. पण चौघांचे वीस एकर वेळेत उरकतील का? माणूस तासाला दोन किलोमीटर चालला आणि चार फुटी तासात एकच फेरी मारली, तर वळणे आणि विसावा धरून दिवसाला चार एकर होतात. वीस एकरांना पाच दिवस. तेवढा वापसा बहुतेक टिकतो. दोन फेऱ्या लागल्या तर दहा दिवस, म्हणजे शेवटच्याची कपाशी गवतात. म्हणून भागीदार चारापेक्षा जास्त नकोत, आणि पहिला नंबर कुणाचा हे पेरणीआधीच कागदावर ठरवा.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या रोहिण्यांआधी प्रत्येक गावाने विक्रेत्यांना यंत्रे घेऊन शिवारात बोलवावे. दुकानापुढच्या फरशीवर नव्हे, आपल्या बरडावर आणि आपल्या काळीत ती चालवून दाखवावीत. दाखवणाऱ्याच्या हातून काढून घरातल्या बाईच्या हाती द्यावे, कारण धनी बाहेर असताना ते तिलाच फिरवायचे असते. हँडल तिच्या उंचीला येते का? चढावर थांबवून पुन्हा सुरू होते का? मागे घ्यायचा गिअर आहे का? हात सोडला की पाती थांबतात का? पाते आणि पट्टा एका दिवसात मिळेल इतक्या जवळ मिस्त्री आहे का?

या पाच प्रश्नांची उत्तरे गावागावांतून लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. कुठले यंत्र कुठल्या जमिनीत चालले आणि कुठे बसले, याची आपली यादी आपणच करू.