मर्जीवरचा व्यापार

‘घरबसल्या कमाई’ हे दोन शब्द आज महाविद्यालयीन तरुणांच्या कानांवर जितक्या वेळा पडतात, तितक्या वेळा ‘नोकरी’ हा शब्दही पडत नसेल. या कमाईचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी ज्याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात, त्याविषयी मला येथे चार शब्द लिहायचे आहेत. नाव नवे असले तरी धंदा जुना आहे. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत त्याला सरळ दलाली म्हणावे. आणि दलाली या शब्दाला नाक मुरडण्याचेही कारण नाही. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची गाठ घालून देणे हे काम आहे, आणि कामाचा मोबदला घेण्यात कमीपणा कसला? प्रश्न वेगळाच आहे. हा नवा दलाल ज्या जागेवर उभा आहे ती जागा त्याची नाही. त्या जागेचे नियम बदलताना त्याला कोणी विचारत नाही, आणि पुष्कळदा वेळेवर कळवतही नाही. यात अन्याय आहे असे माझे मत आहे. मात्र अन्याय नेमका कशात आहे आणि कशात नाही, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

आपल्या वार्षिकांकाचे सर्वच वाचक वाणिज्य शाखेचे नाहीत, म्हणून हा व्यवहार चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. ॲमेझॉन या कंपनीने जुलै १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ नावाची योजना सुरू केली. त्या वेळी ती पुस्तके विकत असे. कोणीही आपल्या संकेतस्थळावर एखाद्या पुस्तकाची शिफारस करावी, सोबत आपल्या खुणेचा दुवा, म्हणजे लिंक, द्यावी. त्या लिंकवरून येऊन कोणी खरेदी केली तर शिफारस करणाऱ्याला ठरावीक टक्के मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. पुढे असंख्य कंपन्यांनी हीच वाट धरली. आपल्याकडची मुले ‘आजची ऑफर’ म्हणून टेलिग्रामवर ज्या लिंका टाकतात, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

आता ही शिफारस वाचायला माणसे आणायची कोठून? ज्याच्याजवळ स्वतःचा वाचकवर्ग नाही, तो गूगलला किंवा फेसबुकला पैसे मोजून जाहिरात लावतो आणि दर क्लिकमागे रक्कम भरतो. म्हणजे एका कंपनीकडून गिऱ्हाईक विकत घ्यायचे आणि दुसऱ्या कंपनीला ते पोचते करायचे. समजा, एका क्लिकला चार रुपये पडतात. शंभर क्लिकांचे चारशे रुपये झाले. शंभरांपैकी तिघांनी अडीच हजारांची वस्तू घेतली, तर विक्री साडेसात हजारांची झाली. कमिशन आठ टक्के असेल तर सहाशे रुपये मिळाले आणि दोनशे रुपये हाती राहिले. आता कमिशन तीन टक्क्यांवर आणा. मिळकत सव्वादोनशे, खर्च मात्र तोच चारशे. म्हणजे पावणेदोनशेचा तोटा! कमिशन आठ टक्केच ठेवले आणि क्लिकचा दर सहा रुपये झाला, तरी हाती शून्य. माणूस तोच, मेहनत तीच, गिऱ्हाईकही तेच. परंतु दोन्हीकडच्या आकड्यांवर त्याची काडीचीही सत्ता नाही.

हे गणित मी केवळ कल्पनेने मांडलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीने सारे जग घरात बसले असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतील आपले कमिशनचे दर उतरवले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर आठ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आला. किराणा मालाचा पाचावरून एकावर. सूचना मिळाली ती साधारण एका आठवड्याची. ज्यांनी वर्षानुवर्षे घरसामानाविषयी लिहून वाचक मिळवले होते, त्यांचे उत्पन्न सात दिवसांत निम्म्याहून खाली गेले. विक्री घटली म्हणून नव्हे, तर कराराचा एक रकाना बदलला म्हणून!

जाहिरातीच्या बाजूचा इतिहासही असाच आहे. गूगलने २००० साली ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा सुरू केली. पुष्कळ दलाल तेथे जाहिरात देऊन गिऱ्हाईकाला थेट दुकानाच्या पानावर धाडीत. एका शोधासाठी एकाच दुकानाकडे नेणाऱ्या अनेक जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गूगलने नियम केला की, एका शोधाला एका पत्त्याची एकच जाहिरात दिसेल. जो वरचढ ठरला तो टिकला, बाकीचे एकदम बाहेर. काहींनी स्वतःची संकेतस्थळे उभारली. पुढे, गिऱ्हाईकाला फक्त दुसरीकडे ढकलण्यासाठी केलेले, स्वतःचा मजकूर नसलेले पान चालणार नाही, असाही दंडक आला. तिकडे ॲमेझॉनने १ मे २००९ पासून उत्तर अमेरिकेत असे ठरवले की, शोधयंत्रावर पैसे देऊन लावलेल्या जाहिरातीवरून थेट आणलेल्या गिऱ्हाईकाचे कमिशनच द्यायचे नाही. २०११ च्या जूनअखेरीस तर त्याच कंपनीने कॅलिफोर्नियातील आपल्या सर्व असोसिएट्सचे करार संपवले. त्यांचा गुन्हा कोणता? काहीच नाही. राज्याने विक्रीकराचा नवा कायदा केला आणि राज्यात राहणारे दलाल म्हणजे कंपनीचेच तेथील अस्तित्व असे त्यात मानले गेले. सप्टेंबरमध्ये सरकार आणि कंपनी यांची तडजोड झाल्यावर दलालांना पुन्हा दारे उघडली. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते, ते असे.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आपल्या फोनमध्ये नवा नियम आणला. एखाद्या ॲपला वापरणाऱ्याचा माग इतर ॲपांत आणि संकेतस्थळांवर काढायचा असेल, तर आधी त्याची परवानगी विचारली पाहिजे. साहजिकच पुष्कळांनी ती नाकारली. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की, त्या एका वर्षात आपले सुमारे दहा अब्ज डॉलरचे उत्पन्न यामुळे बुडेल. मेटाला निदान आपला तोटा जगाला सांगता आला. कोणत्या जाहिरातीतून कोणती विक्री झाली हेच ज्याला दिसेनासे झाले, त्या लहान जाहिरातदाराने कोणाला सांगावे?

येथे कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की ॲपलचा नियम ग्राहकाच्या हिताचा होता. मलाही तसेच वाटते. माझा माग कोणी काढावा की नाही, हे मीच ठरवले पाहिजे. गूगलच्या २००५ च्या नियमातही तथ्य होते. एकाच दुकानाच्या दहा पाट्या वाचण्यात वाचकाला काय लाभ? आणि या धंद्यात भामटे थोडे नाहीत. वस्तू हातात न घेता तिचे गुण गाणारे, वजन उतरवण्याच्या औषधांची खोटी ग्वाही देणारे, तपासणाऱ्याला एक पान आणि गिऱ्हाईकाला दुसरेच पान दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांना हुसकून लावल्याबद्दल मी अश्रू ढाळणार नाही. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, समाजमाध्यमांवरील मजकूर पैसे घेऊन टाकला असेल तर तसे स्पष्ट लिहावे, असे बजावले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार नियमांबद्दल नसून नियम करण्याच्या आणि लावण्याच्या रीतीबद्दल आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; पण त्याआधी म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि निर्णयाविरुद्ध राष्ट्रीय आयोगाकडे तीस दिवसांत अपील करता येते. उलट गूगलच्या जाहिरात-धोरणात असे स्पष्ट लिहिले आहे की, यंत्रणेला चकवण्यासारख्या गंभीर उल्लंघनात पूर्वसूचनेशिवाय खाते बंद केले जाईल. फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे खरे. परंतु आरोप करणारा, तपासणारा आणि निवाडा देणारा एकच! भामट्याला ही शिक्षा योग्यच. पण यंत्राच्या चुकीने एखादा प्रामाणिक माणूस त्यात सापडला, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?

आपल्या बेळगावच्या मार्केट यार्डाकडे पाहा. खानापूर-चंदगड भागातून रताळी, बटाटे येतात. अडत्या ती विकून देतो आणि अडत घेतो. त्याच्याविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. तरीसुद्धा त्याला परवाना लागतो, वजनमापावर देखरेख असते, बाजार समिती असते आणि तिच्यामागे कर्नाटकाचा १९६६ चा कायदा असतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, सरकारने चर्चा केली, वर्तमानपत्रांनी दोन्ही बाजू छापल्या. व्यापाऱ्यांची बाजू बरोबर होती असे मी म्हणत नाही. पण त्यांना बाजू होती आणि ती मांडायला जागा होती. संगणकावर बसलेल्या अडत्याला यांतले काहीच नाही. त्याचा बाजारही खासगी, समितीही खासगी आणि काटाही खासगी.

युरोपीय संघाने २०१९ साली या प्रश्नाला हात घातला. ऑनलाइन बाजारपेठांनी आपल्या अटी बदलताना तेथील व्यावसायिकांना किमान पंधरा दिवस आधी कळवावे, कोणाची सेवा बंद केली तर त्याची कारणे द्यावीत, असे नियम झाले आणि ते १२ जुलै २०२० पासून लागू झाले. परंतु निव्वळ जाहिरातीची साधने त्या नियमांतून वगळली गेली. म्हणजे विक्रेत्याला छत्री मिळाली, आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक आणणारा पावसातच राहिला.

आपल्या देशात या विषयाचा कायदा व्हायचा असेल, तर त्यात चार गोष्टी असाव्यात असे मला वाटते. दर किंवा अटी बदलायच्या असतील तर किमान महिनाभर आधी कळवावे. खाते बंद केल्यास नेमका कोणता नियम, कोठे मोडला, हे लेखी सांगावे. अपिलाचा निर्णय त्रयस्थ माणसाने द्यावा. आणि फसवणूक सिद्ध झालेली नसेल, तर आधी कमावलेले कमिशन बुडवू नये. यांत कंपनीचा नियम करण्याचा हक्क कोठेच हिरावला जात नाही. सालगडी ठेवणारा शेतकरीसुद्धा वर्ष सरल्याशिवाय बोली मोडत नाही. मग अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करणे जास्त झाले काय?

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. हा धंदा करू नका असे मी म्हणणार नाही. मात्र त्याला ‘झोपेतली कमाई’ म्हणून विकणाऱ्या शिकवणीवाल्यांवर विश्वास ठेवू नका. एकाच कंपनीच्या कमिशनवर आणि एकाच कंपनीच्या जाहिरातीवर संसार उभारू नका. अटींचा कागद इंग्रजीत आणि कंटाळवाणा असला, तरी तो पूर्ण वाचा. आमच्या प्राध्यापकांनीही करार-कायद्याच्या तासाला एकदा तोच कागद उघडून शिकवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचकांचा विश्वास मिळवा. जो माणूस तुमचे नाव लक्षात ठेवून तुमच्याकडे परत येतो, त्याला कोणत्याही कंपनीचे नवे धोरण तुमच्यापासून सहजासहजी तोडू शकत नाही. बाकी सारे दुसऱ्याच्या अंगणातले पीक आहे. ते हाती येईपर्यंत आपले म्हणू नये.