बाळसे आणि सूज

मराठी भाषेत वजनाला फार मान आहे. ज्याच्या शब्दाला वजन असते त्याचे गावात चालते. वजनदार माणसाला सभेत पुढची खुर्ची मिळते. सृष्टीचा नियम असा की, वजन ठेवले म्हणजे कागद जागचा हलत नाही. पण काही कचेऱ्यांत वजन ठेवल्यावरच तो हलू लागतो, असे अनुभवी लोक सांगतात. एवढा प्रतिष्ठित शब्द, पण घरातल्या वजनकाट्यापाशी येताच त्याची सारी पत जाते. काचेच्या त्या चौकोनावर पाऊल पडावे, आकडा अपेक्षेपेक्षा अर्ध्या किलोने पुढे दिसावा, की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो.

त्यातही एक प्रसंग फारच जिव्हारी लागणारा. वजन उतरावे म्हणून माणसाने व्यायाम सुरू करावा, तीन आठवडे तो नेटाने करावा, आणि काटा खाली येण्याऐवजी वर गेलेला दिसावा!

नवरात्र आले की आमच्या उमरखेडात पहाटे फिरणारांची संख्या एकदम वाढते. पुसदच्या रस्त्याला आणि ढाणकीच्या रस्त्याला अंधारातच पावले वाजू लागतात. दसऱ्यापर्यंत ही गर्दी टिकते, कोजागिरीला विरळ होते, आणि वसुबारसेला पाहावे तर पुन्हा तीच नेहमीची मंडळी. बाकीचे कुठे गेले म्हणून चौकशी केली, तर त्यांतले बरेच जण एकच उत्तर देतात : "काही उपयोग नाही हो. वजन उलट वाढलं!"

आमच्या शेजारच्या वहिनीही याच वाटेने निघाल्या होत्या. घटस्थापनेपासून रोज पहाटे तासभर चालणे आणि घरी आल्यावर बारा सूर्यनमस्कार, असा त्यांचा नेम सुरू होता. एकविसाव्या दिवशी त्या काट्यावर उभ्या राहिल्या. अडुसष्ट किलोंवर चारशे ग्रॅम वाढ!

"भाऊजी, मी उद्यापासून बंद करते," त्या म्हणाल्या.

"का हो वहिनी?"

"अहो, चहातली साखर सोडली, पहाटे पाचला उठते, पाय तर असे दुखतात की जिना चढवत नाही. आणि शेवटी हे फळ! मग अनारशांनीच काय पाप केलं होतं?"

अनारशांच्या वतीने मला काहीच बोलता येईना. तेवढ्यात त्यांचे यजमान आतून म्हणाले, "काटाच बिघडला असेल. थांब, मी पाहतो." ते चढले, आकडा पाहिला, आणि काही न बोलता उतरले. काटा चोख होता.

हसण्यावारी नेण्याजोगी मात्र ही गोष्ट नव्हती. वहिनींची साखर काठावर आहे, असे डॉक्टरांनी श्रावणातच सांगितले होते. त्यांच्या आईला याच रोगापायी एक पाय गमवावा लागला. ती शुश्रूषा वहिनींनी स्वतः केलेली. तेव्हा चालणे सोडले तर त्यांच्या हातून काय निसटणार होते, हे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक होते. ते चालणे चारशे ग्रॅमांसाठी बंद पडू पाहत होते.

हे चारशे ग्रॅम आले कुठून? कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा प्रश्न समजावून सांगणे सोपे आहे. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस घरात येतो, तेव्हा त्यात दव असते. तो तसाच काट्यावर घातला तर वजन भरते. पण ते वजन कापसाचे नव्हे. म्हणून तर व्यापारी काट्याकडे पाहण्याआधी मूठभर कापूस दाबून पाहतो. सरकारी खरेदीतही आठ टक्के ओलावा हा आधार धरतात, आणि बारा टक्क्यांपुढे गेलेला कापूस घेत नाहीत. आपल्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला काट्याचा हा अपुरेपणा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तोच माणूस स्वतः काट्यावर उभा राहिला की ओलाव्याचा विचार विसरतो.

व्यायाम सुरू केलेल्या शरीरात हा ओलावा तीन वाटांनी येतो. पहिली वाट साठ्याची. स्नायू आपल्या पोटात साखरेचा एक साठा ठेवतात. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. रोज काम पडू लागले की शहाण्या गृहिणीप्रमाणे स्नायूही कोठी वाढवतात. या साठ्याचा गुण असा की, एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. म्हणजे साठा दोनशे ग्रॅमांनी वाढला तर पाण्यासह वजन आठशे ग्रॅमांनी वाढले.

दुसरी वाट दुरुस्तीची. सवय नसलेल्या स्नायूंना नव्या श्रमाने बारीक बारीक इजा होते. पाय दुखतात ते त्यामुळेच. एक ते तीन दिवसांत हे दुखणे ऐन भरात येते. ती इजा भरून काढण्यासाठी शरीर तिथे द्रव पाठवते. घराची डागडुजी निघाली की दारात वाळूविटांचा ढीग पडतो आणि काही दिवस घर पूर्वीपेक्षा वाईट दिसते, तशातलाच हा प्रकार. तिसरी वाट रक्ताची. नियमित चालणे-धावणे सुरू झाले की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ अंश वाढू लागतो. त्याने हृदयाचे काम सोपे होते. हे तिन्ही पाहुणे शुभ आहेत. पण काट्यावर त्यांची नोंद 'वाढ' एवढीच होते.

आता जमेची बाजू पाहू. साठ-सत्तर किलोंचा माणूस तासभर झपझप चालला तर सुमारे अडीचशे उष्मांक खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे उष्मांक असतात. म्हणजे आहार तोच ठेवून, नुसत्या चालण्याने एक किलो चरबी उतरवायला तीस-एकतीस तास हवेत. रोज एक तास धरला तर एक महिना. वहिनींच्या एकवीस दिवसांत सव्वापाच हजार उष्मांक गेले, म्हणजे जेमतेम सातशे ग्रॅम चरबी. समजा, साठा, दुरुस्ती आणि रक्त मिळून अकराशे ग्रॅम आत आले. अकराशेतून सातशे गेले, उरले चारशे!

हा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला. हा अंदाजाचा ताळेबंद आहे, डॉक्टरी दाखला नव्हे, हेही सांगितले. वहिनी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सातशे ग्रॅम खरंच गेले असतील?" एकवीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या कष्टांची पावती मिळाली होती.

गंमत अशी की, काट्याला जे कळत नाही ते आपल्या भाषेला केव्हाच कळलेले आहे. मराठीत पोट 'सुटते' आणि दंड 'भरतात'. छाती सुटली असे कोणी म्हणत नाही. तान्हे मूल 'बाळसे धरते' आणि आजाऱ्याचे अंग 'सुजते'. चारही वेळा वजन वाढलेलेच असते. पण भाषेने चार निराळे शब्द योजून कशाचा आनंद मानायचा आणि कशाची काळजी करायची ते सांगून ठेवले आहे. सुजेला बाळसे समजू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे बजावतात. व्यायामाच्या पहिल्या महिन्यात आपली चूक उलटी होते. थोडी सूज असते, हे खरे. पण ती बाळशाच्या वाटेवरची असते. तिला रोग समजून आपण वाटच सोडतो.

वजन वाढणे आणि माणूस घडणे या दोन गोष्टी हातात हात घालून कशा चालतात, याचा दाखला महाराष्ट्राच्या कुस्तीत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले ते फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोंच्या मर्यादेत. तिथे ते सहावे आले. चार वर्षे मेहनत करून 1952 साली ते हेलसिंकीला गेले ते बँटमवेट गटात. मर्यादा 57 किलो. तिथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. या चार वर्षांत खाशाबांचा गट वर सरकला तो कशाच्या वजनाने, हे काट्याने सांगितले नाही. ते आखाड्यात दिसले.

कुस्तीनेच आपल्याला काट्याचा दुसराही एक धडा दिला आहे, तो अलीकडचा आणि कडू. 2024 साली पॅरिसला विनेश फोगाट 50 किलो गटात अंतिम फेरीला पोचली आणि त्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. सारा देश त्या शंभर ग्रॅमांसाठी हळहळला. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आदल्या सकाळी तिचे वजन मर्यादेत होते. तीन कुस्त्या झाल्या, पोटात थोडे अन्नपाणी गेले, आणि संध्याकाळी ते मर्यादेहून अडीच किलोंपेक्षा जास्त भरले. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलो उतरवून कांस्यपदक घेतले, तेही खाशाबांच्याच 57 किलोंच्या गटात. एका दिवसात असे चढणारे आणि एका रात्रीत असे उतरणारे वजन चरबीचे कसे असेल? ते मुख्यतः पाण्याचे आणि अन्नाचे. त्या मल्लांना काट्यापुढे मान तुकवणे भाग होते, कारण त्यांच्या खेळाचा तो नियम होता. आपल्याला कोणत्या फेरीला जायचे आहे, म्हणून आपण रोज सकाळी स्वतःला अपात्र ठरवून घ्यावे?

मग उत्साह टिकवायचा कशाच्या जोरावर? उत्तर जुन्या तालमीत सापडते. तालमीत वस्ताद नव्या पोराला "आज वजन किती?" असे विचारत नाही, "आज जोर किती मारले, बैठका किती काढल्या?" असे विचारतो. वजन आपल्या हुकमतीत नसते, जोर असतात. तेव्हा आपणही हाती असलेल्या गोष्टींचाच जमाखर्च ठेवावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या खाड्यांची नोंद करतो तशीच, चालण्याच्या खाड्यांची नोंद करावी. जिना चढताना पूर्वी कितव्या पायरीला धाप लागत होती आणि आता कितव्या, हे पाहावे. शिंप्याकडची फीत घेऊन पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. आपल्याकडे पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा समजावी, असे डॉक्टर सांगतात. पुष्कळदा काटा जागचा हलत नाही आणि पोलक्याची शिवण मात्र सैल होते.

काट्यावर उभे राहूच नये, असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाहून आल्यावर आणि चहापूर्वी वजन करावे. आणि या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याशी न ताडता, या महिन्याची सरासरी मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडावी. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या काही दिवसांत शरीर आपोआपच पाणी धरते. त्या दिवसांचा आकडा मनावर घेऊ नये. आणि साखरेसाठी चालणाऱ्यांनी तर एक पक्के लक्षात ठेवावे की, काम करणारा स्नायू रक्तातली साखर त्याच दिवशी उचलू लागतो. वजन उतरायची तो वाट पाहत नाही.

याचा अर्थ प्रत्येक वाढीला 'पाणी' म्हणून हात झटकावे, असा मात्र नव्हे. ही सबब पहिल्या चार-सहा आठवड्यांपुरतीच. दोन महिने झाले, तरीही काटा चढताच असेल, तर ताटाकडे पाहावे. चालून आल्यावर भूक लागते, आणि 'आज एवढे चाललो' म्हणून जी एक करंजी जादा खाल्ली जाते, तिच्यात त्या तासाच्या चालण्यातला मोठा हिस्सा परत येतो. पायांवर सूज, दम लागणे किंवा चार दिवसांत एकदम पुष्कळ वजन वाढणे, अशी लक्षणे असतील तर हिशेब मांडत न बसता डॉक्टरांकडे जावे. ती सूज बाळशाच्या वाटेवरची नव्हे.

वहिनींचे चालणे सुरू आहे. पौषात त्यांची ती तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी आहे; खरा निकाल तिथे लागेल. यजमानांनी आपल्या आकड्याबद्दल अजून मौन सोडलेले नाही. पण गेल्या आठवड्यापासून तेही बरोबर जातात, असे ऐकतो.

आणि वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात तळणाचा वास दरवळत असेल. फराळाचे मीठही पाणी धरून ठेवते आणि फराळाची गोडीही. म्हणून काटा भाऊबीजेनंतर आठ दिवसांपर्यंत पलंगाखाली सरकवून ठेवावा हे बरे. चालणे मात्र थांबवू नका. नरकचतुर्दशीला सारे घर पहाटे उठलेलेच असते. अभ्यंग उरकावे, फराळाला अजून अवकाश असतो, तेवढ्यात घरच्या सर्वांनी मिळून गावच्या रस्त्याने तासभर फिरून यावे. दारोदारच्या रांगोळ्या आणि पणत्या पाहत चालताना तास कधी सरला ते कळणारही नाही.