हंगाम चार महिन्यांचा, धंदा बारा महिन्यांचा

यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही दुकानदाराला धंदा कसा चालला आहे असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, "यंदा कापूस कसा येतो त्यावर आहे." पुसदचा कापडवाला हेच सांगतो, दारव्ह्याचा बांगड्यांचा व्यापारी हेच सांगतो आणि पांढरकवड्याचा वेल्डिंगवालाही हेच सांगतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर आपल्या गल्ल्यात, आपल्या वहीत आणि आपल्या सवयींत असते. त्याविषयी मात्र आपण बोलत नाही.

कापसाने हा जिल्हा घडविला यात शंका नाही. इंग्रजांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे टाकली गेली ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी. पुढे १९७२ च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. कापसाचे चुकारे निघाले की बाजारात गर्दी आणि चुकारे रखडले की दुकानात शुकशुकाट, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले. २००२ पासून खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली, त्याच वर्षी बीटी कापूस आला, ती रेल्वेही पुढे थांबली. पण बाजाराचे गणित बदलले नाही. दसरा-दिवाळीनंतर वेचणी जोर धरते, पैसा हातात खेळू लागतो, लग्नसराईत तो खर्च होतो आणि मृगाच्या पेरणीबरोबर पुन्हा उधारीचे दिवस सुरू होतात.

पैसा चार महिने येतो आणि पोट बारा महिने लागते. ज्याने हे ओळखून आपला धंदा बांधला तो टिकला. ज्याने कापसाकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेतली, तो चांगल्या पिकाच्या वर्षीही तंगीतच राहिला. आमच्या मते धंद्याची खरी वृत्ती येथेच ठरते. जे आपल्या हातात नाही त्याचा विचार किती करावयाचा आणि जे आपल्या हातात आहे ते रोज किती नेमाने करावयाचे, हा तो प्रश्न होय.

पिंजाऱ्यांच्या घरचा धडा

आपल्या समाजात पिंजारी बांधव आहेत. कोठे त्यांना नदाफ म्हणतात, कोठे मन्सुरी. खांद्यावर धुनकी घेऊन गावोगाव फिरावे, अंगणात बसून रुई पिंजावी, गाद्या-रजया भरून द्याव्यात, असा हा हुन्नर. आधी विजेवर चालणारी पिंजण्याची मशीन आली, मग कारखान्यातील फोमच्या तयार गाद्या आल्या. पावसाळ्यात ओल धरलेली रुई नीट पिंजली जात नाही, म्हणून ते महिने तर पूर्वीपासूनच मंदीचे.

आम्ही दोन्ही प्रकारची घरे पाहिली आहेत. एका घरात "लोकांनी रुईची गादी सोडली" एवढे म्हणून धुनकी खुंटीला टांगली गेली आणि मुले मजुरीला लागली. दुसऱ्या घराने काय केले? एका गादीला रुई किती किलो लागते, खोळीचे कापड किती, शिलाई किती, वीज किती आणि हातात राहते किती, हे प्रथम कागदावर मांडले. त्यातून त्यांना दिसले की नव्या गादीपेक्षा जुनी गादी उसवून, पिंजून पुन्हा भरून देण्यात भांडवल कमी अडकते आणि मजुरी रोख मिळते. त्यांनी मशीन घेतली, उशा आणि सोफ्याचे काम जोडले. दोन्ही घरांचा बाजार एकच होता. फरक पडला तो कागदावर मांडलेल्या त्या चार ओळींमुळे.

गल्ला दुकानाचा, खिसा घराचा

आपल्याकडील सर्वांत मोठी गफलत म्हणजे संध्याकाळी गल्ल्यात जे दिसते त्याला कमाई समजणे. समजा, एका कापडवाल्याचा दिवसाचा गल्ला ४,००० रुपये झाला आणि मालावर त्याला शंभरामागे १५ रुपये सुटतात. म्हणजे कमाई ६०० रुपये. भाडे, वीज व पोऱ्याची मजुरी मिळून रोजचे २५० गेले, राहिले ३५०. पण घरी जाताना त्याने गल्ल्यातून ७०० रुपये उचलले. त्या दिवशी त्याने ३५० रुपयांचे भांडवल खाल्ले. महिन्याला २६ दिवस दुकान उघडे धरले तर ९,१०० आणि दहा महिन्यांत ९१,००० रुपये. मग एक दिवस दुकानाच्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात आणि तो म्हणतो, "धंद्यात बरकत राहिली नाही."

बरकत देणारा अल्लाह आहे, यावर आमचा ईमान आहे. पण बी खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याने पिकाची वाट पाहावी काय? यास्तव मालकाने स्वतःचीही पगारी ठरवावी. महिन्याला घरासाठी किती घ्यावयाचे ते एकदा ठरवून तेवढेच उचलावे. लग्न, आजारपण, ईद यांसाठी हंगामाच्या चार महिन्यांतच वेगळी पेटी ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. व्याजाच्या फेऱ्यात सापडलेले आपले बहुतेक बांधव धंदा वाढविण्यासाठी नव्हे, तर घरखर्चासाठी काढलेल्या कर्जातूनच तेथे पोहोचले आहेत.

देताना हात आवरा, मागताना मन मोठे ठेवा

दुसरी गोष्ट उधारीची. कापसाच्या मुलखात उधारीशिवाय दुकान चालत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण उधारी म्हणजे दुसऱ्याच्या घरी ठेवलेले आपले भांडवल. ते कोणाकडे किती आहे हे डोक्यात ठेवणारे आजही कमी नाहीत. आम्हीही एके काळी त्यांतलेच होतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली ती नेमकी कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. हातात रोकड नाही म्हणून गिऱ्हाईक पुढच्या महिन्याचा वायदा करीत गेले. महिने उलटल्यावर आकड्यांवरून वाद झाले आणि आमच्याजवळ दाखवावयास कागद नव्हता. पैसे गेले आणि काही जुने संबंधही गेले. गिऱ्हाइकाला बेईमान म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, कारण लिहिण्याचा आळस आमचा होता.

दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणती? ती आहे सूरह अल्-बकराची २८२ वी, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची लिखापढी. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, अशी तिची शिकवण आहे. त्याच सूरहची २८० वी आयत अडचणीतील ऋणकोला सवड द्यावयास सांगते. आम्हाला या दोन आयतींत धंद्याची पूर्ण रीत दिसते. ज्या जिल्ह्यात गेली पंचवीस-तीस वर्षे कर्जबाजारी शेतकरी आपला जीव देत आले आहेत, तेथे वसुलीसाठी कोणाच्या दारात आरडाओरड करणे आपणांस शोभत नाही. म्हणूनच आवर घालावयाचा तो देतानाच. एका घराला किती उधारी द्यावयाची याची हद्द आधी ठरवावी, वहीवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी व त्यालाही नक्कल द्यावी. हद्द पाळलेली असेल तरच पीक बुडाल्यावर सवड देण्याइतके मन आणि बळ आपल्याजवळ उरते.

मंदीचे महिने कशासाठी?

पावसाळ्यात पेपर वाचीत, चहा पीत गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची रीत सोडावयास हवी. हे महिने माल मोजण्याचे, न खपणारा माल ओळखून काढून टाकण्याचे, मशीन दुरुस्त करण्याचे आणि नवे काम शिकण्याचे आहेत. शाळा जूनच्या शेवटी उघडतात. शिंप्याने गणवेशाचे काम एप्रिलमध्येच मागून ठेवावे. लोहाराने पेरणीपूर्वी विळे-पास तयार ठेवावेत. शिकलेल्या मुलाकडे हिशेबाचे काम सोपवावे.

कागदपत्रेही याच दिवसांत करावीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, गवंडी, कुलूप बनविणारे असे १८ व्यवसाय घेतले गेले. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. कर्ज व्याजाचे म्हणून ज्याला नको त्याने ते घेऊ नये, पण अवजारे आणि प्रशिक्षण कशासाठी सोडावे? नोंदणी नाही म्हणून हक्काची गोष्ट हातची गेली तर दोष कोणाला द्यावयाचा?

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्व काही सोडून मदीनेत आले. त्यांच्या अन्सारी बांधवाने आपली अर्धी मालमत्ता त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी त्याला दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कोठे आहे. तूप आणि पनीर विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आपले काय गेले याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. उद्या काय विकावयाचे याचा मांडला.

शेवटी एकच विनंती. व्यापाराच्या मालावर अडीच टक्के जकात आहे, हे आपण सर्व जाणतो. पण माल मोजला नाही, वसूल होण्याजोगी उधारी लिहिलेली नाही आणि स्वतःचे देणे ठाऊक नाही, तर ही जकात काढावयाची कशी? अंदाजाने? ज्याला जकात नीट द्यावयाची आहे त्याला वर्षातून एकदा आपल्या दुकानाचा खरा हिशेब मांडावाच लागतो, आणि ज्याने तो मांडला त्याला आपला धंदा कोठे गळतो आहे हेही कळते. रमजानची वाट न पाहता या आठवड्यात एक कोरी वही आणावी आणि पहिल्या पानावर तीनच आकडे लिहावेत: माल किती, येणे किती, देणे किती. कापूस कसा येईल हे अल्लाहच्या हाती आहे. ती वही मात्र आपल्या हाती आहे.