रॉकेट वर गेलं, पण खाली कसं येणार? पॅराशूट चाचणीची गोष्ट, गगनयानपासून आपल्या गच्चीपर्यंत

रॉकेटचा व्हिडिओ आपण कुठपर्यंत बघतो? धूर निघाला, रॉकेट वर गेलं, टाळ्या पडल्या की आपण पुढच्या रीलवर. पण इस्रोच्या २०२५ मधल्या बातम्या नीट वाचल्या तर लक्षात येतं की गगनयानची बरीच मेहनत वर जाण्यावर नाही, तर खाली येण्यावर चालली आहे. आणि तोच प्रश्न कॉलेजमध्ये मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या मुलांनाही पडतो, फक्त छोट्या आकारात.

इस्रो पुन्हा पुन्हा पॅराशूट का तपासतंय?

२४ ऑगस्ट २०२५ ला श्रीहरिकोटाजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने सुमारे ४.८ टनांचं डमी क्रू मॉड्यूल उचललं आणि साधारण ३ किलोमीटर उंचीवरून सोडून दिलं. यात रॉकेट नव्हतंच. तपासायची होती ती फक्त पॅराशूटची साखळी.

साखळी म्हणायचं कारण असं, की गगनयानमध्ये एक नाही, तर चार प्रकारची १० पॅराशूट आहेत. आधी २ छोटी पॅराशूट वरचं झाकण ओढून काढतात. मग २ ड्रोग पॅराशूट मॉड्यूल स्थिर करतात आणि वेग कमी करतात. त्यानंतर ३ पायलट पॅराशूट ३ मुख्य पॅराशूटना बाहेर खेचतात. मुख्य पॅराशूटचा व्यास प्रत्येकी सुमारे २५ मीटर. तीनपैकी दोन उघडली तरी काम भागतं, तिसरं जादाच्या सुरक्षेसाठी.

३ नोव्हेंबर २०२५ ची झाशीजवळच्या बबिना इथली चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. आयएल-७६ विमानातून अडीच किलोमीटर उंचीवरून वजन सोडलं. मुख्य पॅराशूट एकदम पूर्ण उघडत नाही. झटका बसून फाटू नये म्हणून आधी ते दोरीने आवळून अर्धवट फुगवतात, मग दोरी कापली जाते आणि ते पूर्ण उघडतं. बबिनाला मुद्दाम दोन पॅराशूटच्या या पूर्ण उघडण्यात वेळेचा फरक ठेवला. म्हणजे बिघाड झालाच आहे असं धरून चाचणी केली. सगळं बरोबर चाललं तर काय होतं हे आपल्याला माहीत असतंच. चुकलं तर काय होतं, हे शोधायला चाचणी असते.

मॉडेल रॉकेटमध्ये हेच छोटं होतं

छंदाच्या रॉकेटचं काम असं चालतं: मोटर एक-दोन सेकंद जळते, मग रॉकेट स्वतःच्या वेगाने वर जात राहतं. ते शिखरावर पोचेपर्यंत मोटरमधला एक सावकाश जळणारा थर वेळ काढतो. शेवटी छोटासा स्फोट होतो, नाकाडाचा भाग सुटतो आणि घडी केलेलं पॅराशूट बाहेर पडतं.

हे वेळेत झालं नाही तर? १०० मीटरवरून टोकदार रॉकेट नाक खाली करून आलं, तर हवेचा विरोध धरूनही जमिनीपर्यंत त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. १०० ग्रॅमची वस्तू असली तरी ती कुणाच्या डोक्यावर पडायला नको.

पॅराशूट केवढं हवं?

गणित शाळेतलंच आहे. पॅराशूट उघडल्यावर वजन आणि हवेचा विरोध समान झाले की वेग स्थिर होतो. १०० ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरवायचं असेल, तर साधारण ३३ सेंटिमीटर व्यासाचं गोल पॅराशूट लागतं. वजन दुप्पट झालं तर व्यास दुप्पट लागत नाही, सुमारे १.४ पट पुरतो. आणि व्यास दुप्पट केला तर वेग निम्मा होतो. एवढी दोन सूत्रं डोक्यात ठेवली की अंदाज बरोबर लागतो.

चाचणी मोबाइलवर करता येते

मी मलकापुरात राहतो. इथे ना रॉकेटची प्रयोगशाळा, ना विंड टनेल. पण तीन मजली इमारत आहे आणि स्लो मोशनवाला फोन आहे. पॅराशूटच्या पहिल्या चाचणीला एवढं पुरतं.

भिंतीवर खालच्या ३ मीटरपर्यंत दर मीटरला खडूची खूण करा. रॉकेटच्या वजनाएवढी वाळूची पुरचुंडी पॅराशूटला बांधा. खाली कुणी नाही याची खात्री करा, कठड्यावर चढू नका आणि मग सोडा. मित्राने फोन स्टँडवर लावून २४० फ्रेमवर शूट करायचं. शेवटचे २ मीटर ९६ फ्रेममध्ये पार झाले, तर वेळ ०.४ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला बरोबर ५ मीटर.

एकदा सोडून थांबू नका. किमान दहा वेळा सोडा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा पॅराशूट उघडं नाही, तर रॉकेटमध्ये ठेवणार तशीच घडी करून सोडा. मी प्लास्टिकच्या पिशवीच्या पॅराशूटवर हे करून बघितलं. उघडं सोडलेलं दर वेळी छान तरंगलं. घडी केलेल्याच्या दोऱ्या मधूनच गुंतायच्या. छत झोके खात असेल, तर मधोमध छोटं भोक पाडल्यावर ते बरंच स्थिर होतं.

घडी करून एक रात्र तसंच ठेवून बघा. प्लास्टिक चिकटतं, थंडीत कडक होतं. चिमूटभर टाल्कम पावडर लावली की फरक पडतो.

वारा विसरू नका

पॅराशूट मोठं म्हणजे चांगलं, असं नाही. १०० मीटरवरून सेकंदाला ५ मीटरने उतरायला २० सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटरचा वारा रॉकेटला १०० मीटर लांब नेतो. आमच्याकडे आंब्याच्या बाजूने वारा सुटला आणि खाली उभा ऊस असेल, तर ते रॉकेट तोडणीच्या वेळीच सापडायचं. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल तर उड्डाणच करायचं नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

मोटर घरी बनवायची का?

नाही. यूट्यूबवर साखर आणि सोऱ्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. रॉकेटचं इंधन हे स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली येऊ शकतं. भारतात स्फोटक कायदा १८८४ चा आहे, नियम २००८ चे आहेत, आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भाजलेला हात परत मिळत नाही.

सरळ मार्ग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इन-स्पेसने उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा घेतली. उड्डाण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं. त्याआधी, ७ फेब्रुवारी २०२१ ला रामेश्वरमहून विद्यार्थ्यांचे १०० छोटे उपग्रह फुग्यांनी वर पाठवले, त्यात महाराष्ट्रातल्या शाळांची बरीच मुलं होती. पण अशी संधी वर्षातून एखादी आणि लांब. तालुक्याच्या गावातल्या मुलाला प्रमाणित मोटर सहज आणि परवडेल अशी मिळत नाही, तोपर्यंत तो व्हिडिओकडेच वळणार. नुसती बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. कॉलेजांनी सुरुवात पॅराशूट आणि पाण्याच्या रॉकेटने करावी, असं माझं मत आहे. त्यात आग नाही, खर्च नाही, आणि शिकायला मिळतं तेच जे गगनयानवाले शिकतायत.

आणि आकाशातून पॅराशूट आलं तर?

मुंबईच्या टीआयएफआर संस्थेचं हैदराबादला फुग्यांचं केंद्र आहे. तिथून सोडलेल्या फुग्यांची उपकरणं पॅराशूटने कुठेही उतरू शकतात, मराठवाड्यातसुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये असा फुगा बिदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात पडला आणि लोक घाबरले. असं काही दिसलं तर उघडू नका, घरी नेऊ नका, पोलिसांना फोन करा. फोटो लांबूनच काढा. त्या डब्यात कुणाची तरी अनेक महिन्यांची मेहनत असते.

तर पुढच्या वेळी उड्डाणाचा व्हिडिओ आला, की धूर विरल्यावर लगेच स्क्रोल करू नका. पॅराशूट उघडेपर्यंत थांबा. ते उघडलं तरच मोहीम यशस्वी.