जुना अॅम्प्लिफायर घेताय? आधी त्याची पाठ पाहा

इंदूरमधील एका मराठी घरातली ही गोष्ट. आजोबांच्या कपाटात नाट्यसंगीताच्या आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या दीडशे तबकड्या. आजींना टीव्हीवरचे संवाद नीट कळत नाहीत आणि नातवाला घरच्या घरी थिएटरसारखा आवाज हवा. मुलाने १५,००० रुपये बाजूला काढले आणि तिघांची हौस एकाच यंत्रात भागवायचे ठरवले. नवे घेणे परवडणारे नव्हते. अमेरिकेतून कायमचे परत आलेल्या एका कुटुंबाकडे दिसायला कोरा करकरीत होम थिएटर रिसीव्हर ११,००० रुपयांत मिळाला. रविवारी सकाळी सगळे हॉलमध्ये जमले. प्लग लावला, बटण दाबले. फट्‌ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि घरातली वीज गेली.

यंत्रात काहीच खोट नव्हती. ते १२० व्होल्टचे होते आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात, एवढेच. ही गोष्ट रिसीव्हरच्या पाठीवर, वायर जिथून बाहेर येते तिथेच, स्पष्ट छापलेली होती. पण चकचकीत दर्शनी भाग पाहण्याच्या नादात पाठीकडे कुणाचेच लक्ष गेले नाही.

अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट वीज असते. तिथल्या बाजारासाठी बनलेले संच आपल्याकडे जुन्या मालात बरेच दिसतात आणि स्वस्तही मिळतात. स्वस्त का, हे विक्रेता नेहमी सांगतोच असे नाही. असा संच घ्यायचाच असेल, तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो संचाच्या पाठीवर लिहिलेल्या वीजवापरापेक्षा चांगला दणकट हवा. त्याचे वजन, त्याची घरघर आणि त्याची किंमत धरली की स्वस्ताई बरीचशी संपते. शिवाय घरातल्या कुणी चुकून प्लग सरळ भिंतीत लावला की खेळ खलास. जपानी संचांची आणखी एक गंमत. तिथला एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या संचांत ९० ला संपतो. आपल्याकडची बहुतेक खासगी केंद्रे ९१ च्या पुढे आहेत. म्हणजे रेडिओ असून नसल्यासारखा. आखाती देशांतून किंवा सिंगापूरहून आलेल्या संचांची ही अडचण सहसा नसते, कारण तिथेही वीज २२० ते २४० व्होल्टचीच आहे. तरीही पाठ वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

वॉटचा भूलभुलैया

१९९० च्या दशकात टू-इन-वनवर चिकटवलेली ‘१००० वॉट पीएमपीओ’ची सोनेरी पट्टी अनेकांना आठवत असेल. तो डबा प्रत्यक्षात फारतर दहापंधरा वॉटचा असायचा. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदोपत्री निघणारा आकडा. त्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या वॉटला.

रिसीव्हरवर ‘१०० वॉट गुणिले ७’ लिहिलेले असते. तेही जरा सांभाळूनच वाचा. एकावेळी एक किंवा दोनच स्पीकर चालवून मोजलेला तो आकडा असतो. खरे पाहायचे तर पुन्हा पाठच पाहा. भिंतीतून ४०० वॉट घेणारे यंत्र सात स्पीकरना मिळून ७०० वॉट सलग कुठून देणार? आणखी एक साधी खूण म्हणजे वजन. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर यंत्र जड लागते, आणि ते एका बाजूला जास्त जड लागते. एका हाताने सहज उचलले जाणारे ‘सातशे वॉट’ दुकानातच राहू द्या.

पण मुळात एवढे वॉट हवेत कशाला? साधारण प्रतीचा स्पीकर अवघ्या एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८६ ते ८८ डेसिबल आवाज देतो. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला ओरडावे लागते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दसपट वॉट लागतात. म्हणजे ५० आणि १०० वॉटमधला फरक कानापेक्षा खिशालाच जास्त जाणवतो. दहा बाय बाराच्या खोलीत खरे ४० ते ५० वॉट प्रत्येक स्पीकरला मिळाले तर पुरेत. त्यापेक्षा अधिक मिळाले तर ते शेजाऱ्यांसाठी.

गाणी आणि सिनेमा एकाच यंत्रात

फक्त गाणी ऐकायची असतील तर दोन स्पीकरचा साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर सर्वांत उत्तम. त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि तो जुनाही होत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कॉस्मिक किंवा कोलकात्याच्या सोनोडाइनचे अॅम्प्लिफायर आजही काही घरांत वाजतात, ते याच कारणाने. पण अशा यंत्राची किंमतही फारशी पडत नाही.

होम थिएटर रिसीव्हरचे उलट आहे. त्यातला अॅम्प्लिफायर वीस वर्षे टिकतो, पण त्याची चित्र पुढे पाठवण्याची सोय चार-पाच वर्षांत मागे पडते. एचडीएमआयची १.४ आवृत्ती २००९ मध्ये आली आणि २.० आवृत्ती २०१३ मध्ये. त्यामुळे २०१३ पूर्वीचा रिसीव्हर आजच्या फोर-के टीव्हीला पूर्ण दर्जाचे चित्र पोहोचवू शकत नाही. म्हणून लोक ते काढून टाकतात, आणि म्हणूनच ते स्वस्त मिळतात. कमी पैशांत दोन्ही गोष्टी हव्या असणाऱ्या कुटुंबाचा फायदा नेमका इथे आहे.

कारण चित्र रिसीव्हरमधून न्यायलाच हवे असे नाही. सेट-टॉप बॉक्स आणि बाकीचे सगळे थेट टीव्हीला जोडा. टीव्हीच्या मागे ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ असे लिहिलेले, आत लाल प्रकाश दिसणारे छोटे छिद्र असते. तिथून प्रकाशतंतूची एक पातळ, स्वस्त वायर रिसीव्हरला जोडा. टीव्हीच्या ध्वनिविभागात जाऊन ‘पीसीएम’ऐवजी ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडा. या वायरीतून डॉल्बी डिजिटलचा पाच अधिक एक वाहिन्यांचा आवाज व्यवस्थित जातो. छतावरून पाऊस पडल्याचा भास देणारे अॅटमॉस तिच्यातून मिळणार नाही, पण त्याला लागणारे जादा स्पीकर तरी कुठे लावणार आहात? एचडीएमआय अजिबात नसलेला, पण ऑप्टिकल असलेला रिसीव्हर अशा घराला पुरतो. फोर-के, थ्रीडी वगैरे अक्षरांसाठी जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. ते पैसे स्पीकरसाठी राखून ठेवा.

स्पीकरही एकदम पाच-सहा घेण्याची गरज नाही. आधी दोन चांगले घ्या. रिसीव्हरच्या यादीत मधला स्पीकर ‘नाही’ असे सांगितले की संवाद या दोघांत वाटले जातात आणि मधोमधून आल्यासारखे वाटतात. घरात कमी ऐकू येणारे कुणी असेल तर तिसरा स्पीकर मधला घ्या, मागचे नव्हे. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच वाहिनीतून येतात आणि तिचा आवाज वेगळा वाढवता येतो. पातळ टीव्हीचे चिमुकले स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. आजींची तक्रार म्हणूनच नेहमी कानांचीच असते असे नाही.

तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. रेकॉर्ड प्लेयरच्या मॅग्नेटिक पिनमधून अवघे काही मिलिव्होल्ट निघतात. ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तरच ते पुरतात. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ती नसते. मग फोनो प्रीअॅम्प नावाची छोटी डबी वेगळी घ्यावी लागते. ती न घेता साध्या जागी जोडले तर आवाज डबक्यातून आल्यासारखा, बारीक येतो आणि लोक उगाच यंत्राला दोष देतात.

दुकानात गेल्यावर

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे लजपत राय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरूचा एस. पी. रोड, अशा ठिकाणी जाताना स्वतःच्या घरचा एक लहान स्पीकर, मोबाइलमधून जोडायची वायर आणि छोटा टॉर्च बरोबर न्या. दुकानदाराला राग येत नाही, आणि आला तर दुसरे दुकान आहेच.

टॉर्चने वरच्या जाळीतून आत पाहा. नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा ओघळलेले असतील तर पुढे बघू नका. झुरळांची अंडी, पालीची विष्ठा आणि समुद्रकाठच्या शहरांत गंज, या तीन गोष्टींनी जेवढे अॅम्प्लिफायर मरतात तेवढे वापराने मरत नसावेत. झाकणाच्या स्क्रूवर ओरखडे असतील तर ते उघडलेले आहे. काय दुरुस्त केले ते विचारा.

मग स्पीकर न जोडता चालू करा. काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो संरक्षक रिलेचा. तो आला नाही किंवा पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ असे आले तर यंत्र आजारी आहे. ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेले असेल तर त्याला स्पीकरच्या जागी मल्टिमीटर लावून डीसी मोजायला सांगा. ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर उत्तम, शंभराच्या बरेच पुढे असले तर आपले स्पीकर त्याला जोडू नका.

आता स्पीकर जोडून आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरायचे कारण नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की ती बहुधा जाते. मात्र त्या निमित्ताने भाव जरूर पाडा. गाणे नसताना सतत गुणगुण येत असेल तर आधी इतर सगळ्या वायरी काढून पाहा. पुष्कळदा ती केबल किंवा डिशच्या वायरीतून आलेली असते. त्यानंतरही राहिली तर दोष आतला आहे. रिसीव्हर असेल तर ‘टेस्ट टोन’ लावून प्रत्येक वाहिनी ऐका, कारण सातांतली एक बंद असलेले यंत्र विकायलाच आणलेले असते. रिमोट मागा. त्याच्याशिवाय कित्येक रिसीव्हरची यादीच उघडत नाही. अर्धा तास वाजू द्या. ऊन लागले तर ठीक, हात ठेववेना इतके तापले तर नाही.

आपले स्पीकर किती ओहमचे आहेत तेही पाहून जा. डबाबंद होम थिएटरबरोबर आलेले तीन-चार ओहमचे स्पीकर आठ ओहमसाठी बनलेल्या अॅम्प्लिफायरला जोडले तर तो तापतो आणि बंद पडतो. घरी आणल्यावर वरती विणलेले कव्हर घालू नका. शोभा येते, पण हवा अडते. आणि वायर काढलेली असली तरी झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज साठून राहते.

इंदूरच्या त्या कुटुंबाने उरलेल्या ४,००० रुपयांत आणखी थोडी भर घालून, दुरुस्तीच्या एका दुकानातून एचडीएमआय नसलेला, २३० व्होल्टचा जुना रिसीव्हर घेतला. या वेळी आजोबा स्वतः गेले आणि दुकानात पाऊण तास बसून गाणी ऐकली. फोनोची डबी त्यांनी पेन्शनमधून घेतली. मधला स्पीकर दिवाळीत येणार आहे. जळालेला रिसीव्हर मेकॅनिककडे आहे. फक्त छोटा स्टँडबाय ट्रान्सफॉर्मर गेला आहे, मोठा शाबूत आहे, असे तो म्हणतो, आणि तसा छोटा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळतो का ते पाहतो आहे.