जुन्या लॅपटॉपसाठी सगळे नेटवर्क उघडे करू नका

छापखान्यातला विंडोज एक्सपीचा लॅपटॉप नव्या लॅनला जोडून द्या, ही मागणी नेटवर्क जोडणीच्या व्यवसायात अजूनही येते. मालक तो हौसेने सांभाळत नाही. त्यावर पेजमेकर असते आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली वर्षानुवर्षांची कामे असतात: लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, संस्थांच्या स्मरणिका. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि तिला युनिकोड कळत नाही. त्या फाइली नव्या संगणकावर न्यायच्या तर मजकूर बदलून पुन्हा ओळीओळीने तपासावा लागतो. वर्कशॉपमध्ये असाच लॅपटॉप सीरियल पोर्टसाठी टिकून राहतो, कारण सीएनसी मशिनला प्रोग्रॅम त्याच पोर्टमधून जातो. अशा गिऱ्हाइकाला ‘नवा घ्या’ एवढेच सांगून आपले काम संपत नाही.

केबलची बाजू सहसा अडत नाही. १०० मेगाबिटचा जुना पोर्ट आजच्या गिगाबिट स्विचशी आपोआप वेग जुळवून घेतो. वायफायचे मात्र तसे नाही. ८०२.११जीच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसतच नाही. एक्सपीमध्ये डब्ल्यूपीए२ अंगभूत आले ते २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ पासून, आणि डब्ल्यूपीए३ तर त्याच्या आवाक्याबाहेरच आहे. त्याच्यासाठी राउटरची सुरक्षा खाली आणण्यापेक्षा एक पॅचकॉर्ड लावणे केव्हाही चांगले.

खरी अडचण त्यानंतर येते. पिंग मिळतो, पण शेअर फोल्डर उघडत नाही. एक्सपीला फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती कळते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती येत नाही, आणि लिनक्सवरच्या साम्बानेही २०१९ च्या ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवली आहे. मग ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी १ समोर खूण करायची, रीस्टार्ट करायचे, की फोल्डर उघडते आणि गिऱ्हाईक खूश होते. ही सवय आपण सोडली पाहिजे.

१२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ च्या सर्व्हरमधल्या भोकातून शिरला. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच १४ मार्चलाच दिला होता, तरी ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. २७ जूनला नॉटपेट्याने पसरण्यासाठी तेच भोकही वापरले आणि न्हावाशेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अडले. ते भोक बुजले, तरी एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही ते नाहीच. ती मुख्य सर्व्हरवर सुरू केली की एका लॅपटॉपच्या गरजेची किंमत हिशेबाच्या आणि पगाराच्या संगणकांनाही मोजावी लागते.

सुरक्षित मार्ग फार खर्चिक नाही. मध्ये एक छोटे यंत्र ठेवा; रास्पबेरी पाय किंवा दोन नेटवर्क कार्डे असलेला साधा डेस्कटॉप चालतो. एका कार्डाला फक्त जुना लॅपटॉप जोडा, दुसऱ्याला मुख्य लॅन. साम्बा पहिल्याच कार्डावर बांधून ठेवा, तिथे एसएमबी १ ला परवानगी द्या आणि एकच फोल्डर शेअर करा. मुख्य लॅनवरचे संगणक त्या फोल्डरमधल्या फाइली एसएफटीपीने घेतील. आयपी फॉरवर्डिंग बंद ठेवले की लॅपटॉपला इंटरनेटही दिसत नाही आणि बाकीचे संगणकही. पासवर्ड नाकारला गेला तर साम्बाची अट सैल करू नका. एक्सपीच्या रजिस्ट्रीत एलएम कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल ३ करा, म्हणजे तो एनटीएलएम २ ने ओळख पटवू लागतो. जे जुन्या यंत्राला वर चढवून जमते, त्यासाठी नव्याला खाली उतरवायचे नाही, हा नियम प्रत्येक जोडणीत पाळावा.

जोडणी होताच पहिले काम बॅकअपचे. त्या लॅपटॉपची हार्ड डिस्क त्याच्याच वयाची असते आणि मालकाची सगळी जुनी कामे तिच्यावर एकाच प्रतीत असतात. त्या फाइली वाचवणे हाच जोडणीचा सर्वांत मोठा लाभ आहे, हे मालकाला आधी समजावून सांगा.

दुसरे काम नोंदीचे. काय सुरू केले, कोणत्या यंत्रासाठी, कोणाच्या संमतीने आणि ते कधी काढायचे, हे जॉबकार्डवर लिहून त्याची प्रत मालकाला द्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. तेवढ्या वेळात नेटवर्कची रचना आठवत बसणे परवडत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आजवर ज्यांना आपण नवे म्हणत होतो, ते संगणकही आता याच रांगेत येत आहेत. म्हणून जुने यंत्र वेगळे ठेवून जोडणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम मानावे, बिलात त्याची वेगळी ओळ लिहावी आणि त्याचे योग्य दाम बिनसंकोच मागावेत. एसएमबी १ ची खूण फुकटात करून देणाऱ्यापेक्षा आपले काम का महाग आहे, हे गिऱ्हाइकाला पटवणे हाही आता या व्यवसायाचाच भाग आहे.