नोकरी दिली, बिऱ्हाडाचं काय?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर हे चार प्रांत आहेत. तिथे माणसं कमी पडतात, हे दुखणं जुनंच. १९९२ साली कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि न्यूफाउंडलंडची तरणी पोरं अल्बर्टाच्या तेलपट्ट्यात गेली ती गेलीच. बाहेरून आलेले लोकही संधी मिळताच टोरंटो गाठत. यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये अटलांटिक इमिग्रेशन योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायम झाली.

ही योजना मला पटते, कारण ती मालकालाही कामाला लावते.

एरवी परदेशी कामगार घ्यायचा तर मालकाला बहुधा ‘एलएमआयए’ काढावी लागते. म्हणजे स्थानिक माणूस मिळत नाही हे सरकारला पटवायचं आणि जागेमागे १,००० डॉलर भरायचे. अटलांटिक योजनेत ती कटकट नाही. पण आधी मालकाचीच परीक्षा होते. त्याने प्रांताकडून मान्यता मिळवायची. त्यासाठी त्या भागात किमान दोन वर्षं धंदा चालू हवा आणि कामगार कायद्यांचं पालन चोख हवं. परक्या संस्कृतीतल्या माणसांबरोबर कसं वागावं, याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. नोकरी पूर्णवेळ आणि बारमाही असली पाहिजे. फक्त हंगामात लॉबस्टर सोलून घेणारा कारखानदार इथेच गळतो.

खरी मेख आहे ती सेटलमेंट प्लॅनची. कामगाराला आणि सोबत येणाऱ्या कुटुंबाला काय लागेल, याचा हा आराखडा एक सेवासंस्था फुकट करून देते. बायकोला इंग्रजीचा वर्ग कुठे, पोरांची शाळा कोणती, डॉक्टर कोण, इथपर्यंत सगळं त्यात येतं. तो झाल्याशिवाय प्रांत शिफारस देत नाही आणि शिफारशीशिवाय कायम रहिवासाचा अर्ज करता येत नाही. मधल्या काळात दोन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळतं, पण त्याच मालकापुरतं.

काही मालक मात्र हा प्लॅन फाइलला लावायचा कागद समजतात. बस नसलेल्या गावात रात्रपाळी लावायची, भाड्याचं घर तुझं तू शोध म्हणायचं, आणि पुढे माणूस गेला की त्याच्या नावाने खडे फोडायचे! कायम रहिवास मिळाल्यावर कोणत्याही प्रांतात राहण्याचा हक्क कॅनडाची राज्यघटनाच देते. मग त्याला धरून ठेवणार कशाच्या जोरावर? पगार, घर आणि चार ओळखीचे शेजारी, एवढंच मालकाच्या हाती उरतं.

आता तर हात आखडता घ्यायचे दिवस आहेत. २०२५ साठी, प्रांतांनी कायम रहिवासासाठी माणसं सुचवायच्या ज्या नॉमिनी योजना आहेत, त्यांचं लक्ष्य १,१०,००० वरून थेट ५५,००० वर आलं. अटलांटिक योजनेला ५,००० मिळाले. त्या ५,०००मध्ये कामगाराबरोबर येणारी बायकापोरंही मोजली जातात. त्यामुळे प्रांत पारखून शिफारस देणार, हे उघड आहे.

आपल्याकडे अटलांटिकची ‘ऑफर’ लाखांत विकणारा एजंट भेटला, तर त्याला आधी मालकाचं नाव विचारा. मान्यताप्राप्त मालकांच्या याद्या प्रांतांच्या सरकारी संकेतस्थळांवर असतात आणि भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला मालकाला मनाई आहे.